शस्त्रांची होळी

काळा समुद्र आणि कास्पियन समुद्र यांच्या दरम्यान कॉकेशस पर्वताच्या रांगा पसरलेल्या आहेत. एकोणिसाव्या शतकात या पर्वताच्या दक्षिणेकडील मुलूख म्हणजे रशिया, तुर्कस्तान आणि इराण या तीन सत्तांच्या सीमा जेथे भिडतात असा प्रदेश होता. उंच माळ, लांबलचक हिवाळा, वाटमाऱ्यांचा सुळसुळाट आणि दर पिढीला एखादे तरी युद्ध, अशी तेथील स्थिती होती. या सरहद्दीवर रशियाच्या झारने आपल्याच प्रजेपैकी एका पंथाला नेऊन वसविले होते. त्या पंथाचे नाव दुखोबोर. या शब्दाचा अर्थ आत्म्याशी झुंजणारे असा आहे. १७८५ साली एका धर्माधिकाऱ्याने हे नाव त्यांना निंदेने दिले; पवित्र आत्म्याविरुद्ध झगडणारे लोक असे त्याला सुचवावयाचे होते. दुखोबोरांनी ते नाव आनंदाने स्वीकारले आणि आपण आत्म्याच्या बळावर झुंजतो, असा त्याचा अर्थ लावला.

हे लोक खेडूत होते. देव प्रत्येक माणसाच्या अंतरी वास करतो, एवढे एकच तत्त्व त्यांच्या धर्माच्या मुळाशी होते. म्हणून त्यांना देऊळ नको होते, मूर्ती नको होती, पुरोहितही नको होता. प्रार्थनेसाठी ते जमत, तेव्हा मध्ये मेजावर भाकरी, मीठ आणि पाणी ठेवीत आणि एकमेकांना वाकून नमस्कार करीत. तो नमस्कार समोरच्या माणसातील देवाला असे. त्यांची स्तोत्रे लिहिलेली नव्हती. आईबापांकडून मुलांनी ती मुखोद्गत करावयाची, हीच त्यांची पोथी. आपल्याकडील संतांच्या शिकवणीत वाढलेल्या वाचकाला यात परके असे फारसे वाटू नये. माणसामाणसात देव असेल तर माणसाला मारणे म्हणजे देवावरच हात उगारणे, हे ओघानेच आले. पण जी गोष्ट विचारात ओघाने येते, ती आचरणात आणावयाची म्हणजे काय काय सोसावे लागते, हे या पंथाचे पुढारी पीटर वासिल्येविच व्हेरिगीन यांच्या चरित्रावरून दिसून येते.

व्हेरिगीन यांचा जन्म १८५९ साली स्लाव्यान्का या खेड्यात झाला. हे गाव आज अझरबैजान देशात आहे. घर सधन शेतकऱ्याचे होते. दुखोबोरांना १८४१ ते १८४५ या काळात झार पहिला निकोलस याने युक्रेनच्या सुपीक कुरणांतून उठवून या सीमाप्रांतात हाकलले होते, आणि त्यांनी तेथील माळ नांगरून पुन्हा संसार उभे केले होते. मात्र या संसाराबरोबर एक तडजोडही आली. लुटारूंच्या भयाने घरोघर बंदुका, तलवारी आणि खंजीर आले. १८७७-७८ साली रशिया आणि तुर्कस्तान यांचे युद्ध जुंपले, तेव्हा दुखोबोरांनी स्वतः शस्त्र धरले नाही, परंतु सैन्याची रसद वाहून नेण्यासाठी आपल्या गाड्या दिल्या. त्याचा मोबदला त्यांना चांगला मिळाला, आणि युद्धात जिंकलेल्या कार्स प्रांतात नव्या जमिनीही मिळाल्या. पंथ श्रीमंत झाला. त्याबरोबर दारू आणि तंबाखूही शिरली आणि जुन्या व्रताची धार बोथट होत चालली.

त्या काळी पंथाची सूत्रे लुकेरिया काल्मिकोवा या कर्तबगार विधवेच्या हाती होती. गोरेलोव्का या गावी अनाथगृह म्हणून ओळखला जाणारा एक मोठा वाडा होता; तेथे पंथाची सामाईक संपत्ती असे, निराधारांचा सांभाळ होई आणि तेथूनच कारभार चाले. लुकेरियाबाईंना मूलबाळ नव्हते. आपल्या मागे पंथाची धुरा सांभाळील असा तरुण त्यांनी हेरला, तो पीटर व्हेरिगीन. सुमारे पाच वर्षे त्यांनी त्याला आपल्याजवळ ठेवून घेऊन तयार केले. त्यासाठी पीटरला आपली तरुण पत्नी आणि होऊ घातलेला संसार सोडावा लागला. त्या पत्नीच्या मनाचा विचार कोणी केला असेल असे वाटत नाही.

डिसेंबर १८८६ मध्ये लुकेरियाबाई वारल्या. त्यांच्या मृत्यूनंतर सहा आठवड्यांनी, १८८७ च्या जानेवारीत, गोरेलोव्का येथे स्मरणविधीसाठी मोठा जनसमुदाय जमला आणि त्यातील बहुसंख्य लोकांनी व्हेरिगीन यांच्यापुढे गुडघे टेकून त्यांना आपला पुढारी मानले. तेव्हा ते सत्तावीस वर्षांचे होते. परंतु लुकेरियाबाईंच्या भावाचा आणि गावच्या काही वजनदार मंडळींचा याला विरोध होता. त्यांनी अनाथगृहाच्या संपत्तीवर हक्क सांगितला आणि सरकारदरबारी फिर्याद नेली. सरकारने नव्या पुढाऱ्याला तेथल्या तेथेच अटक केली. संपत्ती कोर्टाने भावाच्या पक्षाला दिली. व्हेरिगीन यांची रवानगी उत्तर रशियातील अर्खांगेल्स्क प्रांतात शेन्कुर्स्क येथे झाली. पंथाचे दोन तट पडले: व्हेरिगीन यांना मानणारा मोठा पक्ष आणि दुसरा लहान पक्ष.

याच वर्षी आणखी एक गोष्ट घडली आणि तिने पुढील सारा इतिहास बदलून टाकला. रशियात सक्तीच्या लष्करी नोकरीचा कायदा १८७४ सालीच झाला होता. पण कॉकेशसपलीकडील प्रांताला तो लागू नव्हता. १८८७ साली तो तेथेही लागू झाला. चिठ्ठ्या टाकून तरुणांची नावे निघू लागली, आणि ज्याचे नाव निघे त्याला पलटणीत दाखल व्हावे लागे. पलटणीतील मुदत संपली की त्याचे नाव राखीव शिपायांच्या यादीत जाई. प्रारंभी दुखोबोरांनी मान तुकविली. नावे निघालेले तरुण पलटणीत गेले. युद्ध पेटलेच तर डोक्यावरून गोळ्या झाडाव्यात, कोणाला मारू नये, अशी मनाची समजूत काहींनी करून घेतली. असल्या पळवाटांनी मनाचे समाधान फार काळ होत नाही.

तिकडे हद्दपारीत व्हेरिगीन यांची भेट इतर राजकीय कैद्यांशी झाली आणि लिओ टॉलस्टॉय यांची शिकवण त्यांच्या कानी पडली. महात्मा गांधींशी ज्यांचा पत्रव्यवहार पुढे १९०९-१० साली झाला, तेच हे टॉलस्टॉय. शस्त्रबळाला प्रतिकार न करण्याचे त्यांचे तत्त्वज्ञान व्हेरिगीन यांना आपल्याच पूर्वजांची वाणी वाटली. १८९३ पासून त्यांचे निरोप गुप्त रीतीने कॉकेशसमध्ये पोहोचू लागले. मांस, मद्य आणि तंबाखू सोडा, असा पहिला निरोप आला. पाठोपाठ, धनिकांनी आपली संपत्ती सामाईक करावी आणि कर्जदारांची कर्जे माफ करावीत, असा दुसरा आला. लोकांनी ते पाळले; काही थोडे फुटून निघाले. या आज्ञांमुळे सावध झालेल्या सरकारने व्हेरिगीन यांना आणखी दूर, उत्तर ध्रुववृत्तानजीक ओब नदीच्या काठी ओब्दोर्स्क या वस्तीत पाठविण्याचे ठरविले. त्या प्रवासाच्या वेळी आपल्या अनुयायांच्या हाती त्यांनी शेवटचा आणि सर्वांत कठीण निरोप दिला: यापुढे शपथ घेऊ नये, पलटणीत नोकरी करू नये, आणि घरात असलेले प्रत्येक शस्त्र संत पीटरच्या सणाच्या रात्री अग्नीत टाकावे.

शस्त्र कोणाच्या हाती देऊन टाकणे किंवा विकणे सोपे होते. पण मग ते दुसऱ्या कोणाच्या तरी हातून माणसाचा जीव घेणार. म्हणून ते जाळावयाचेच.

या निरोपाची पहिली किंमत दिली ती शिपाई म्हणून पलटणीत असलेल्या तरुणांनी. १८९५ सालच्या ईस्टरच्या दिवशी एलिझाबेटपोल येथे कवायतीसाठी पलटण उभी होती. माटवेई लेबेदेव नावाच्या दुखोबोर शिपायाने रांगेतून पुढे होऊन आपली बंदूक परत दिली. त्याच्या पाठोपाठ आणखी दहा जणांनी तसेच केले. अधिकाऱ्यांनी त्यांना समजावले, धमकावले आणि शेवटी शिक्षा देऊन एकाटेरिनोग्राड येथील शिस्तीच्या पलटणीत पाठविले. तेथे काटेरी छड्यांनी त्यांना फोडून काढले जाई, अंधारकोठडीत डांबले जाई आणि बाहेर काढून पुन्हा बंदूक हातात घेण्याचा हुकूम होई. ते बंदूक घेत नसत. पुन्हा छड्या, पुन्हा कोठडी. ज्यांनी इतिहासात मोठ्या लढाया जिंकल्या त्यांची नावे आपण पाठ करतो. या अकरा जणांपैकी बहुतेकांची नावे कोणाला माहीतही नसतात.

मग ती रात्र आली. जुन्या रशियन पंचांगाप्रमाणे २८ जून १८९५ आणि आपल्या पंचांगाप्रमाणे १० जुलै. अखाल्कलाकी, एलिझाबेटपोल आणि कार्स या तीन जिल्ह्यांत, एकमेकांपासून कितीतरी दूर अशा तीन ठिकाणी, एकाच रात्री लाकडे रचली गेली. माणसे गाड्यांतून आपापल्या बंदुका, तलवारी, खंजीर घेऊन आली. त्यात वडिलार्जित चांदीच्या मुठीची हत्यारेही असतील. पहाडी मुलखात हत्यार म्हणजे पुरुषाचे भूषण. ती सारी ढिगावर रचली, त्यांवर घासलेट ओतले आणि आग लावली. आगीभोवती उभे राहून स्त्रीपुरुषांनी स्तोत्रे म्हटली. ज्वाळांच्या उजेडात लोखंड वितळू लागले आणि पहाट झाली तरी गाणे चालूच होते.

अखाल्कलाकी जिल्ह्यात मात्र गोष्ट येथेच थांबली नाही. लहान पक्षाच्या लोकांनी आधीच सरकारला कळविले होते की, हे लोक शस्त्रे गोळा करीत आहेत ती गोरेलोव्काच्या अनाथगृहावर हल्ला करण्यासाठी. शस्त्रे जमत होती हे खरे होते. पण ती जळावयास जमत होती, ही गोष्ट कोणाच्या ध्यानी आली नाही. टिफ्लिसच्या गव्हर्नरने कॉसॅक घोडेस्वार धाडले. होळीनंतर सुमारे दोन हजारांचा जमाव प्रार्थनेसाठी उभा असताना स्वारांनी त्याला वेढा घातला आणि चाबकांचा वर्षाव सुरू केला. जमाव पांगला नाही आणि त्याने हातही उगारला नाही. पुरुषांनी स्त्रियांना मध्ये घेतले. कडेचे लोक मार खाऊन रक्तबंबाळ झाले की आतले लोक बाहेर येत आणि त्यांची जागा घेत, म्हणजे माराचा वाटा सर्वांना सारखा यावा. तशाच स्थितीत त्यांना गव्हर्नरासमोर हाकीत नेले. तेथे राखीव शिपायांच्या यादीतील पुरुषांनी आपापले लष्करी दाखले काढून गव्हर्नरच्या स्वाधीन केले. यापुढे झारचे शिपाई म्हणून आपली गणना होऊ नये, एवढाच त्याचा अर्थ होता. त्यांना तुरुंगात टाकण्यात आले.

नंतर गावागावांत कॉसॅकांची ठाणी बसली. घरे लुटली गेली, माणसांना फटके मारले गेले, स्त्रियांची विटंबना झाली. अखाल्कलाकीतील चार हजारांहून अधिक लोकांना घरे सोडावयास लावून जॉर्जियाच्या खालच्या खोऱ्यांत विखुरले गेले. त्यांना जमीन घेण्यास मनाई होती आणि एका ठिकाणी जमण्यासही मनाई होती. थंड डोंगरात वाढलेली ही माणसे त्या उष्ण, हिवतापाच्या प्रदेशात शेकड्यांनी मेली. पलटणीत नकार देणाऱ्यांना सैबेरियातील याकुत्स्क प्रांतात धाडण्यात आले आणि १९०५ सालच्या माफीपर्यंत ते तेथेच राहिले.

येथे थोडे थांबून एका गोष्टीचा विचार केला पाहिजे. हे सारे घडले, तेव्हा व्हेरिगीन स्वतः हजारो मैल दूर होते. ज्यांच्या पाठीवर चाबूक पडत होते त्यांच्यात ते नव्हते. याबद्दल काही इतिहासकार त्यांना बोल लावतात, आणि तो अगदीच निराधार नाही. ज्याच्या एका शब्दावर हजारो कुटुंबे घरदार पणाला लावतात, त्या पुढाऱ्याची सत्ता झारच्या सत्तेहून कमी नसते. पण ते दूर होते ते सुखात नव्हते. एकूण पंधरा वर्षे त्यांनी हद्दपारीत काढली. शिवाय ज्यांनी मार खाल्ला त्यांनी आपण फसवले गेलो असे कधी म्हटले नाही. त्यांच्या दृष्टीने व्हेरिगीन यांनी नवे काही सांगितलेच नव्हते. आजोबांनी पाठ करून घेतलेल्या स्तोत्रांचीच त्यांनी आठवण करून दिली होती.

टॉलस्टॉय यांनी या लोकांची बाजू उचलून धरली. १८९५ च्या ऑक्टोबरमध्ये लंडनच्या टाइम्स पत्रात या छळाची हकीकत त्यांच्या पत्रासह प्रसिद्ध झाली. त्यांच्या तीन मित्रांनी मदतीसाठी आवाहन काढले, तेव्हा त्यांपैकी दोघांना अंतर्गत हद्दपारी आणि एकाला देशाबाहेर जावे लागले. याच काळात ओब्दोर्स्कमध्ये बसलेले व्हेरिगीन आणि टॉलस्टॉय यांचा पत्रव्यवहार चालू झाला. त्यातील एक वाद मोठा मनोरंजक आहे. छापील पुस्तकांनी माणसाचे कल्याण होते यावर व्हेरिगीन यांचा विश्वास नव्हता. जिवंत मुखातून जिवंत कानात जाईल तेच ज्ञान खरे, असे त्यांचे मत. जगातील एका श्रेष्ठ ग्रंथकाराला आपल्या धंद्याचे समर्थन करावे लागले, आणि तेही एका शेतकरी कैद्यापुढे!

अखेर १८९८ साली सरकारने दुखोबोरांना देश सोडून जाण्याची परवानगी दिली. अट अशी की, खर्च त्यांचा त्यांनी करावा आणि पुन्हा परतू नये. पैसा कोठून आणावयाचा? इंग्लंडमधील क्वेकर पंथीयांनी मदत केली. टॉलस्टॉय यांनी आपल्या लेखनाचा मोबदला घेण्याचे सोडले होते, तो नेम त्यांनी या कामापुरता मोडला आणि पुनरुत्थान ही कादंबरी पुरी करून तिचे उत्पन्न या प्रवासासाठी दिले. अकराशेहून अधिक लोक प्रथम सायप्रस बेटावर गेले. तेथील हवा त्यांना मानवली नाही. मग कॅनडाचे नाव पुढे आले.

कॅनडाची निवड होण्याचे एक कारण तेथील कायद्यात होते. अमेरिकेच्या सीमेला लागून असलेल्या त्या वसाहतीत १७९३ साली सर्व धडधाकट पुरुषांना स्थानिक फौजेत नाव नोंदविण्याची सक्ती झाली, तेव्हाच क्वेकर, मेनोनाइट आणि टंकर या युद्धविरोधी पंथांना त्यातून सूट देण्यात आली होती. प्रारंभी ही सूट फुकट नव्हती. शांततेच्या काळी वर्षाला वीस शिलिंग आणि युद्धकाळी पाच पौंड असा कर त्यासाठी भरावा लागे, आणि तो भरणे म्हणजेही युद्धाला हातभार लावणे, असे मानून अनेक क्वेकरांनी जप्ती पत्करली. पुढे हा दंड उरला नाही. १८९८ च्या डिसेंबरमध्ये कॅनडाच्या सरकारने हीच सूट दुखोबोरांना देऊ केली. जानेवारी १८९९ मध्ये लेक ह्यूरॉन ही बोट बाटुम बंदरातून सुमारे दोन हजार माणसे घेऊन हॅलिफॅक्सला पोहोचली. त्यानंतरच्या बोटींतून आणखी आले. सर्व मिळून सुमारे साडेसात हजार. पंथातील बाकीचे रशियातच राहिले.

पहिल्या वर्षी कॅनडाच्या वायव्येकडील ओसाड गवताळ प्रदेशात पुरुष लोहमार्गाच्या कामावर मजुरीला गेले. बैल, घोडे पुरेसे नव्हते. तेव्हा स्त्रियांनीच जोड्याजोड्यांनी दोर खांद्यावर घेतले आणि नांगर ओढला.

१९०२ च्या डिसेंबरमध्ये मुक्त होऊन व्हेरिगीन कॅनडात आले, ते एका विचित्र प्रसंगानंतर. हद्दपारीतून त्यांनी लिहिलेली पत्रे १९०१ साली इंग्लंडमध्ये छापली गेली होती. त्यांत त्यांनी केवळ चिंतन म्हणून लिहिलेल्या गोष्टी काही भोळ्या अनुयायांनी आज्ञा समजून घेतल्या, गुरेढोरे मोकळी सोडून दिली आणि हिवाळ्याच्या तोंडावर दीड हजारांहून अधिक माणसे अनवाणी पायांनी दक्षिणेला निघाली. पोलिसांनी त्यांना परत आणले. छापील शब्दाविषयी व्हेरिगीन यांनी घेतलेली शंका त्यांच्याच पत्रांच्या बाबतीत अशी खरी ठरली.

त्यांनी लोकांना शांत केले आणि सामाईक शेती उभारली. पण १९०५ नंतर नवा पेच आला. जमिनीची मालकी हवी असेल तर राजनिष्ठेची शपथ घ्या, असे सरकार म्हणू लागले. शपथ नको म्हणून ज्यांनी रशिया सोडला त्यांनी ती येथे कशी घ्यावी? बहुसंख्यांनी घेतली नाही, आणि १९०७ साली नांगरलेली, पेरलेली बहुतेक जमीन हातची गेली. माणशी १५ एकर तेवढी राहू दिली. व्हेरिगीन यांनी पुन्हा बिऱ्हाड उचलले. ब्रिटिश कोलंबियात रोख पैसे देऊन जमीन विकत घेतली, कारण विकत घेतलेल्या जमिनीला शपथ लागत नव्हती. १९०८ पासून हजारो लोक तेथे गेले. कूटने आणि कोलंबिया या नद्यांच्या संगमावरील त्यांच्या मुख्य वसाहतीचे जुने नाव वॉटर्लू होते. नेपोलियनच्या पराभवाच्या रणभूमीचे ते नाव व्हेरिगीन यांनी काढून टाकले आणि ब्रिलियंट असे ठेवले. फळबागा, लाकडाच्या गिरण्या, विटांच्या भट्ट्या, मुरंब्याचा कारखाना यांनी ते खोरे भरून गेले. १९१३ साली त्यांनी कूटने नदीवर झुलता पूलही बांधला.

१९१७ साली पहिल्या महायुद्धात कॅनडाने सक्तीची भरती सुरू केली, तेव्हा १८९८ चे वचन पाळले गेले. दुखोबोर तरुणांना बंदूक घ्यावी लागली नाही. मात्र त्याच वर्षी त्यांचा मताधिकार काढून घेण्यात आला. पुढे मुलांच्या शाळेवरून तंटे झाले. शाळेतून मुलांना युद्धाचे आणि कवायतीचे वळण लागेल अशी आईबापांना भीती वाटे. ती भीती समजू शकते, पण काही माथेफिरूंनी शाळाच जाळल्या, याचे समर्थन कोणी करू नये. व्हेरिगीन यांनीही ते केले नाही. उलट त्या आगींचा निषेध केल्याने त्यांच्याच पंथातील काही लोक त्यांचे वैरी बनले.

२९ ऑक्टोबर १९२४ रोजी मध्यरात्रीनंतर व्हेरिगीन आगगाडीने प्रवास करीत असताना फॅरन या स्थानकाजवळ त्यांच्या डब्यात स्फोट झाला. त्यांच्यासह नऊ जण ठार झाले. त्यांत प्रांतिक विधिमंडळाचे एक सभासदही होते. पंथातील असंतुष्ट, बाहेरचे शत्रू, सोव्हिएट हेर अशा अनेकांवर संशय घेतला गेला. तपास झाला, पण गुन्हेगार सापडला नाही. ब्रिलियंटच्या टेकडीवर, नदीकडे तोंड करून, त्यांना पुरण्यात आले. तीन वर्षांनी, १९२७ साली, त्यांचा मुलगा रशियातून कॅनडात आला आणि त्याने पंथाची सूत्रे हाती घेतली.